साठ की आठ? आपल्या ग्रामसंघाचा आपला स्पीकर



आज आवाजाबद्दल बोलायचं आहे. म्हणजे स्त्रीचा आवाज, आवाज उठवा वगैरे नाही. त्यावर आठ मार्चला पुष्कळ भाषणं होतात. मी बोलणार आहे ते लाकडी खोक्यातून बाहेर पडणाऱ्या आवाजाबद्दल. स्पीकरबद्दल.

आमच्या ग्रामसंघाची वार्षिक सभा मंदिराच्या सभामंडपात भरते. मागे एका सभेत कोषाध्यक्ष ताई हिशोब वाचत होत्या. एका गटाची परतफेड त्यांनी वाचली साठ हजार. पुढच्या तीन ओळींनी ऐकलं साठ, मागच्या बायकांनी ऐकलं आठ. ‘आठच कसे? आम्ही तर साठ भरले!’ झाली गडबड सुरू. अर्धा तास त्यात गेला, एक ताई रडवेली झाली, आणि कडेला उभा असलेला एक जण म्हणाला, ‘बायकांचा आवाजच बारीक. त्यांना माइक झेपत नाही.’

पुढे तोच भाड्याचा खोका दुरुस्तीला उघडला तेव्हा कळलं. त्यातला छोटा स्पीकर, ज्याला ट्विटर म्हणतात, तो जळून गेलेला होता. किती दिवसांपासून, कोण जाणे. लग्नात गाणी वाजत होती, धडधड ऐकू येत होती, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. पण ‘साठ’ मधला ‘स’ आहे ना, त्याचा सगळा जोर उंच सुरात असतो, साधारण चार हजार कंपनांच्या वर. तो ट्विटरमधूनच बाहेर येतो. ट्विटर मेला की ‘स’ मेला. ‘स’ गेला की साठाचे आठ होतात. यात बाईच्या गळ्याचा काय दोष?

जरा समजून घेऊ. आवाज म्हणजे हवेचं थरथरणं. एका सेकंदात किती वेळा थरथरते ते हर्ट्झमध्ये मोजतात. पखवाजाचा ‘धुम’ शंभर हर्ट्झच्याही खाली येतो, टाळांचा खणखणाट हजारोंत जातो. बाईच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण दोनशे हर्ट्झ असतो, पुरुषाचा त्याच्या निम्म्याच्या जरा वर. पण अर्थ कळतो तो मूळ सुरावरून नाही. आ, ई, ऊ हे स्वर खाली असतात आणि ते जोरकस असतात. क, त, च, स, श ही व्यंजनं वर असतात आणि जोराने दुबळी असतात. शब्द ओळखू येतो तो या दुबळ्या व्यंजनांमुळे. म्हणून नुसता आवाज वाढवून बोलणं कळत नाही. स्वर तेवढे मोठे होतात आणि व्यंजनांना गिळून टाकतात.

एकच स्पीकर दोन्ही कामं नीट करू शकत नाही. खालचा सूर काढायला मोठा पडदा हवा, भरपूर हवा ढकलणारा. तो वूफर. वरचा सूर काढायला हलका, चिमुकला पडदा हवा. तो ट्विटर. ट्विटरला जर पखवाजाचा धुम दिला, तर त्याची आतली केसासारखी बारीक तार तापते आणि तुटते. म्हणून आवाजाची वाटणी करावी लागते: खालचा सूर वूफरला, वरचा ट्विटरला. ही वाटणी करणाऱ्या भागाला म्हणतात क्रॉसओव्हर.

आता क्रॉसओव्हर दोन तऱ्हेचे. हे सांगताना मी नेहमी दळणाचा दाखला देते. समजा, गहू आणि ज्वारी एकत्र मिसळलेली आहे. एक बाई सगळं तसंच गिरणीत घालते आणि मग पीठ चाळत बसते. दुसरी बाई आधी निवडते आणि गहू वेगळा, ज्वारी वेगळी दळते. पहिल्या तऱ्हेला पॅसिव्ह क्रॉसओव्हर म्हणतात. त्यात ॲम्प्लिफायर आवाज मोठा करतो आणि मग खोक्याच्या आत तांब्याची कॉइल आणि मोठे कंडेन्सर त्या तगड्या विजेची वाटणी करतात. दुसरी तऱ्हा ॲक्टिव्ह. त्यात आवाज अजून अगदी लहान असतानाच, ॲम्प्लिफायरच्या आधी, वाटणी होते. मग वूफरला त्याचा ॲम्प्लिफायर, ट्विटरला त्याचा वेगळा.

स्वस्तातल्या खोक्यात तर पॅसिव्हही पुरता नसतो. ट्विटरच्या तारेत एक कंडेन्सर टाकलेला असतो, बस. त्याची चाळण फार ढिली. समजा, वाटणी 2400 हर्ट्झवर आहे. त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 1200 हर्ट्झला, जो सूर ट्विटरला जायलाच नको, त्याचा जवळजवळ निम्मा दाब तरीही ट्विटरपर्यंत पोचतो. आम्ही जी ॲक्टिव्ह चाळण बनवली तिच्यात त्याच जागी सतराव्या हिश्शाइतकाच पोचतो. ट्विटर जगतो तो यामुळे.

दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. एकाच ॲम्प्लिफायरवर सगळा भार असला की कुणी माइकजवळ जोरात बोललं, माइक आपटला, की ॲम्प्लिफायरचा दम संपतो आणि सगळाच आवाज फाटतो, ‘स’ सकट. दोन वेगळे असले की फाटला तरी वूफरचा फाटतो, ट्विटरचा स्वच्छ राहतो. शब्द कळत राहतात.

आम्ही वापरलेली रचना 1976 सालची आहे. झिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली हे दोघे अमेरिकेत ह्यूलेट पॅकार्ड कंपनीत इंजिनिअर होते. तिथलं त्यांचं काम मोजमापाच्या यंत्रांचं, स्पीकर हा घरचा नाद. त्या नादातून निघालेल्या वाटणीला आज जगभर लिंकविट्झ-रायली म्हणतात. तिची खुबी सोपी आहे. वाटणीच्या सुरावर वूफर अर्धा आवाज देतो, ट्विटर अर्धा देतो, आणि दोघं एका तालात असल्यामुळे मिळून बरोबर एक होतो. दोघी मिळून हंडा उचलतात तेव्हा एकीने आधी आणि दुसरीने नंतर उचलला तर पाणी सांडतं. इथे तसं होत नाही.

आता मला या सगळ्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट. असा क्रॉसओव्हर 2400 हर्ट्झच्या आसपास बनवायचा तर चाळणीसाठी फक्त दोन प्रकारचे सुटे भाग लागतात. 4.7 किलो-ओहमचे दहा रेझिस्टन्स आणि 10 नॅनोफॅरडचे दहा कंडेन्सर. दहा आणि दहा. दुकानात यादी द्यायला सोपं, आणि डब्यात मिसळले तरी फिकीर नाही. रेझिस्टन्सवर पट्टे असतात: पिवळा, जांभळा, लाल आणि शेवटी सोनेरी. कंडेन्सरवर 103 असा आकडा छापलेला असतो. तो एकशे तीन नव्हे. दहाच्या पुढे तीन शून्यं, दहा हजार पिकोफॅरड, म्हणजेच 10 नॅनोफॅरड. रेझिस्टन्स एक टक्का फरकाचे मिळाले तर तेच घ्या. त्यांवर पाच पट्टे असतात: पिवळा, जांभळा, काळा, तपकिरी, तपकिरी.

रंगांवरून हे काम शिकता येतं का, अशी शंका असेल तर राजस्थानातल्या तिलोनियाकडे बघा. तिथल्या बेअरफूट कॉलेजमध्ये शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायका, कितीतरी आज्या, सौर दिव्यांच्या सर्किटचं काम रंगांच्या खुणांवरून शिकतात. आफ्रिकेतल्या खेड्यांतून आलेल्यासुद्धा. आपल्याकडे पाबळला डॉ. कलबागांनी 1983 साली सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे, तिथेही हातानं करत शिकण्यावरच भर. रांगोळीचे ठिपके मोजता येणाऱ्या बाईला सर्किट बोर्डाची भोकं मोजता येतात, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता कागद-पेन्सिल घ्या. घाई नाही, सावकाश सांगते.

चाळणीला जीव देणारा भाग म्हणजे आयसी. नाव टीएल 072. आठ पायांचा काळा किडा, चहाच्या पैशात येतो. त्यात दोन ॲम्प्लिफायर असतात. एक नंबरचा पाय बाहेर जायचा, दोन नंबर उणे, तीन नंबर अधिक. दुसऱ्याचे पाय त्याच क्रमाने सात, सहा, पाच. चार नंबरला उणे वीज, आठ नंबरला अधिक वीज. दोन नंबर हा एक नंबरला थेट जोडून टाकायचा, आणि सहा हा सातला.

आधी वूफरची चाळण. येणाऱ्या आवाजापासून एक रेझिस्टन्स, मग एक गाठ, तिला ‘अ’ म्हणू. मग दुसरा रेझिस्टन्स आणि दुसरी गाठ, ‘ब’. ‘ब’ गाठ तीन नंबरच्या पायाला. ‘ब’ पासून जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, एक कंडेन्सर. ‘अ’ पासून एक नंबरच्या पायाला दोन कंडेन्सर शेजारी-शेजारी, दोघांची टोकं एकत्र. झाली एक चाळण. दोन रेझिस्टन्स, तीन कंडेन्सर. तशीच आणखी एक, पहिलीच्या पुढे. रवा दोनदा चाळतो तसं.

ट्विटरची चाळण म्हणजे हीच, पण उलट. जिथे रेझिस्टन्स होता तिथे कंडेन्सर आणि जिथे कंडेन्सर होता तिथे रेझिस्टन्स. येणाऱ्या आवाजापासून कंडेन्सर, गाठ ‘अ’, कंडेन्सर, गाठ ‘ब’, मग तीन नंबरचा पाय. ‘अ’ पासून एक नंबरला एक रेझिस्टन्स. ‘ब’ पासून ग्राउंडला दोन रेझिस्टन्स, पण इथे शेजारी-शेजारी नाही, एकापुढे एक, साखळीसारखे. हा फरक ध्यानात ठेवा: कंडेन्सर दुप्पट करायचा तर शेजारी, रेझिस्टन्स दुप्पट करायचा तर साखळी. हीसुद्धा दोनदा.

म्हणजे चार चाळण्यांना दोन आयसी. तिसरा आयसी सगळ्यांच्या आधी, दाराशी. त्याचं काम फक्त आलेला आवाज हातात घेऊन दोन्हीकडे देणं. त्याच्या तीन नंबरच्या पायापासून ग्राउंडला 100 किलो-ओहमचा एक रेझिस्टन्स लावा. त्याचा दुसरा अर्धा भाग रिकामा राहतो, त्याचा पाच नंबर ग्राउंडला जोडून टाका, लोंबकळत ठेवू नका. प्रत्येक आयसीच्या विजेच्या दोन्ही पायांपासून ग्राउंडला 104 लिहिलेला एकेक कंडेन्सर हवा, आयसीच्या अगदी जवळ.

ही मांडणीही जुनी आहे. अमेरिकेतल्या लिंकन प्रयोगशाळेतल्या सॅलेन आणि की या दोघांनी 1955 साली मांडलेली. तेव्हा या कामाला काचेचे व्हॉल्व्ह होते, आता हा किडा आहे.

हे सगळं झिरो बोर्डवर बसतं, भोकाभोकांचा तो तपकिरी बोर्ड. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं. तालुक्याच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडेही बऱ्याच गोष्टी असतात. आयसी थेट डागू नका, खाली सॉकेट डागा आणि त्यात आयसी बसवा. डाग देताना कथील आधी वितळवून मग चिकटवायचं नाही. आधी तार आणि पाय तापवायचे, मग कथील त्यांना लावायचं. नीट बसलेला डाग चकाकतो आणि कडेला उतरता असतो. मण्यासारखा गोल उभा राहिला तर तो कच्चा.

वीज मात्र वेगळी गोष्ट. क्रॉसओव्हरला अधिक 12 आणि उणे 12 व्होल्ट लागतात. 12-0-12 चा ट्रान्सफॉर्मर, त्यापुढे डायोड, मोठे कंडेन्सर, आणि 7812 व 7912 हे दोन रेग्युलेटर. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे 230 व्होल्ट असतात. ते काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या, फ्यूज घाला, तिसऱ्या पिनेचं अर्थिंग जोडा, आणि तो भाग झाकणाखाली बंद करा. इथे काटकसर नको.

ॲम्प्लिफायर आम्ही बनवला नाही, तयार घेतला. टीडीए 7297 या आयसीचा दोन चॅनेलचा छोटा बोर्ड मिळतो, प्रत्येक चॅनेल 15 वॅटपर्यंतचा. लोक त्याला डावा-उजवा स्पीकर लावतात. आपण एक चॅनेल वूफरला आणि दुसरा ट्विटरला लावायचा. डाव्या-उजव्याची आपल्याला गरजच नाही, बोलणारी एक, खोका एक. एक सूचना महत्त्वाची: या बोर्डावर दोन्ही स्पीकरच्या उणे तारा एकमेकींना किंवा ग्राउंडला जोडायच्या नाहीत, नाहीतर बोर्ड जातो. कुणी म्हणेल, 15 वॅटने काय होणार, लग्नातल्या भिंतीला तर हजारो वॅट असतात. सभामंडपात बसलेल्या शंभर बायकांना हिशोब ऐकायचा आहे, छातीत धडकी भरवायची नाही.

ट्विटरच्या तारेत ॲम्प्लिफायरच्या पुढे 22 मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कंडेन्सर जरूर टाका. आठ ओहमच्या ट्विटरला तो साधारण 900 हर्ट्झच्या खालचं अडवतो, म्हणजे आपल्या वाटणीत फारसा ढवळाढवळ करत नाही. पण बटण चालू करताना जो ‘ठप्’ होतो, त्यापासून ट्विटर वाचतो. ट्विटरच्या बाजूला क्रॉसओव्हरच्या बाहेर पडताना 10 किलो-ओहमचा एक गोल खटकाही हवा, आवाज कमी-जास्त करायला. ट्विटर बहुधा वूफरपेक्षा तिखट असतो, थोडा उतरवावा लागतो.

खोका 18 मिलिमीटरच्या प्लायचा. वूफर साडेसहा इंची, ट्विटर एक इंची रेशमी घुमटाचा. खोका किती लिटरचा ते वूफरच्या कागदावर असतं, सुताराला तेच द्या. सांध्यांना फेव्हिकॉल भरपूर, कारण फटीतून हवा सुटली तर फुसफुस ऐकू येते. आत भिंतींना आम्ही जुन्या गादीचा कापूस जाळीत घालून लावला. ट्विटर वर, वूफर त्याच्या लगेच खाली. दोघांत जागा सोडू नका.

आता परीक्षा. यासाठी महागडं यंत्र नको, मोबाइलवर टोन वाजवणारं ॲप पुरे. आवाज अगदी बारीक ठेवा. ट्विटरची तार जोडण्याआधी त्या जागी एखादा जुना, टाकाऊ स्पीकर लावून बघा. 200 हर्ट्झ वाजवा: तो गप्प राहिला पाहिजे. बोलला तर वूफर आणि ट्विटरच्या तारांची अदलाबदल झालेली आहे. नवा ट्विटर असता तर मेला असता. हे ठीक झालं की खरा ट्विटर लावा. 8000 ला फक्त ट्विटर बोलला पाहिजे, वूफर जवळजवळ गप्प.

शेवटची परीक्षा 2400 वर, आणि ही गंमतीची आहे. खोक्यासमोर दोन पावलांवर, दोन्ही स्पीकरच्या मधल्या उंचीला कान ठेवा. दोघं बोलत असतील. आता बंद करून ट्विटरच्या दोन तारा उलटसुलट करा आणि पुन्हा ऐका. आवाज एकदम पडला पाहिजे, जणू कुणी उशी ठेवली. पडला, म्हणजे तारा सुलट असताना दोघं एका तालात होते आणि तुमची जोडणी बरोबर आहे. तारा परत सुलट करा. आवाज उलट वाढला, तर कुठेतरी अधिक-उणे चुकलंय, शोधा. आमच्याकडे ही परीक्षा एका मावशींनी घेतली. त्यांना हर्ट्झ म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही. त्या म्हणाल्या, ‘एकीनं तोंड फिरवलं.’

क्रॉसओव्हरने काय होणार नाही, तेही सांगते. माइकची शिट्टी थांबणार नाही. ती थांबते खोका माइकच्या पुढे ठेवल्याने, म्हणजे खोक्याचं तोंड बायकांकडे आणि माइक खोक्याच्या मागे. माइक तोंडापासून चार बोटांवर धरा, हातभर लांब नाही. आणि माइक थेट क्रॉसओव्हरला लागत नाही, मध्ये छोटा मिक्सर लागतो. चटणीचा नव्हे, आवाजाचा. त्यावर ‘बास’ लिहिलेला खटका असतो, तो सभेच्या वेळी निम्म्याच्या खाली ठेवा. गाणी लावणारी पोरं तो पूर्ण फिरवून ठेवतात.

हल्ली हीच वाटणी कॉम्प्युटरवर आकडे भरून करणारे तयार बोर्डही मिळतात, आणि ते चांगले असतात. तरी मी हातानं बनवलेलाच सुचवेन. तयार बोर्ड बिघडला की कुरिअरने शहरात. यातला रेझिस्टन्स गेला तर डब्यातून दुसरा काढायचा.

कायद्याचं एक. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, आणि जाहीर ठिकाणी लावायचा तर लेखी परवानगी. आपल्या स्वतःच्या खोक्यालाही हे लागू आहे, हळदीकुंकवाच्या दिवशीसुद्धा.

पैशाचं विचारलं जाईल म्हणून सांगते. बाईनं वैयक्तिक कर्ज काढून हे करू नये. ग्रामसंघाने ठराव करून, सदस्यांना विचारून करावं, आणि खोका साठा नोंदवहीत चढवावा. कुणाच्या घरी किती दिवस राहिला, कुणी नेला, परत आणला तेव्हा दोन्ही स्पीकर वाजत होते का, हे लिहावं. वाजतात का ते बघायला दरवेळी ॲप नको. माइकवर एकीनं ‘साठ, आठ, सात’ म्हणायचं आणि मंडपाच्या शेवटच्या खांबाशी बसलेल्या बाईनं ऐकलं ते सांगायचं. तिन्ही वेगळे ऐकू आले की हिशोब वाचायला सुरुवात करायची.

पुढच्या वेळी डाग देण्याचं काम करणाऱ्या दोघी माझ्यासोबत असतील. त्यांना विचारायचे प्रश्न केंद्रावर कळवून ठेवा.